नगर हीच पाठशाळा : प्रा. पॅट्रिक गेडिस यांचे जीवनकार्य

२ ऑक्टोबर ही तारीख कोणाही भारतीयास सांगावी लागत नाही. महात्माजींच्या जन्माच्या बरोबर पंधरा वर्षे आधी, २ ऑक्टोबर १८५४ रोजी, स्कॉटलंडमधील बॅलटर या लहानशा गावी एका सैनिकाच्या घरी पॅट्रिक गेडिस यांचा जन्म झाला. पुढे हा वनस्पतिशास्त्राचा माणूस आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. प्रस्तुत लेखक स्वतः त्याच विद्यापीठाचा बी.कॉम. पदवीधर आहे, परंतु शिकत असताना हे नाव एकदाही कानावर आले नाही. पदवी मिळाली, दुकानाच्या गादीवर बसलो, आणि केस पांढरे झाल्यावर गेडिस यांची ओळख पुस्तकांतून झाली. या स्मरणिकेच्या वाचकांनाही ती व्हावी एवढ्याच हेतूने हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गेडिस यांचे वडील ब्लॅक वॉच या प्रसिद्ध स्कॉटिश पलटणीत होते. निवृत्तीनंतर ते पर्थ शहरालगतच्या टेकडीवर घर घेऊन राहिले. त्या घराभोवती बाग होती आणि अंगणातून खालचे शहर, नदी व पलीकडचे डोंगर एका दृष्टिक्षेपात दिसत. वडिलांचे बोट धरून बागकाम शिकलेल्या या मुलाला गाव सुटे सुटे न पाहता एकत्र पाहण्याची सवय तेथेच लागली असावी. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी वर्ष-दीड वर्ष बँकेत उमेदवारी केली. वहीखात्याशी त्यांचा जमलेला संबंध एवढाच. पुढे त्याची किंमत त्यांना व त्यांच्या मित्रांना मोजावी लागली.

एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकावयास ते गेले आणि एका आठवड्यात बाहेर पडले. नंतर लंडनला थोर शास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. मात्र पदवी कोणतीच घेतली नाही. ज्या गृहस्थाने पुढे दोन विद्यापीठांत प्राध्यापकपद भूषविले आणि अनेक विद्यापीठांचे आराखडे तयार केले, त्याच्या नावापुढे स्वतः मिळविलेली एकही पदवी नव्हती, ही गोष्ट आपल्या मुलांच्या गुणपत्रिका हातात घेऊन बसणाऱ्या आम्हा पालकांना थोडी बोचणारी आहे.

१८७९ मध्ये वनस्पती व प्राणी यांचे नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी एकाएकी अधू झाली. वय अवघे पंचवीस. वैद्यांनी त्यांना कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसविले. वाचता येईना, लिहिता येईना. त्या अंधारात खिडकीच्या तावदानांवरून हात फिरवीत असता त्यांना एक कल्पना सुचली. प्रत्येक तावदान म्हणजे एक विषय मानावा आणि शेजारच्या तावदानाशी त्याचा संबंध काय, याचा विचार करावा. दृष्टी परतली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करण्याइतकी ती पुन्हा कधी बळकट झाली नाही. प्रयोगशाळेचा दरवाजा असा अर्धा मिटला आणि तावदानांची ती युक्ती मात्र जन्मभर सोबत राहिली.

तिचे रूप पुढे असे झाले. एक कोरा कागद घ्यावयाचा. आमच्या धंद्यात ताग्याची घडी घालतात तशी त्याची उभी तीन व आडवी तीन अशी घडी घालावयाची. उलगडला की नऊ चौकोन दिसतात. कोनातून कोनात जाणाऱ्या तीन चौकोनांत स्थळ, काम आणि लोक हे तीन शब्द लिहावयाचे. ही त्रयी त्यांनी ल प्ले या फ्रेंच विचारवंताकडून घेतली होती. उरलेले सहा चौकोन हे या तिघांचे परस्परसंबंध. स्थळामुळे काम कसे ठरते, कामामुळे स्थळ कसे बदलते, कामाने माणसाची प्रकृती व कुटुंब कसे घडते, लोकांच्या रीतिरिवाजांनी काम कसे वळते, हे सर्व त्यात भरावयाचे. भूगोलाचा विद्यार्थी एक चौकोन भरील, अर्थशास्त्राचा दुसरा, वैद्यकाचा तिसरा. एकही चौकोन कोरा राहिला तर प्रश्न समजला असे मानावयाचे नाही.

वरवर पोरखेळ वाटणाऱ्या या कागदाचे मोल मला माझ्या स्वतःच्या आठवणीमुळे पटले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो आणि मुंबईतील एका वसतिगृहात राहात होतो. आमच्या खोल्यांच्या रांगेत एक वैद्यकीय महाविद्यालयाचा, एक कायद्याचा, एक अभियांत्रिकीचा आणि मी वाणिज्य शाखेचा. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसलेले. रात्री जेवणानंतर वाद चाले. कायद्याचा मित्र औद्योगिक संबंधांच्या कायद्यात मान्यताप्राप्त संघटनेची तरतूद कशी आहे ते सांगे. अभियंता जुनाट यंत्रांची गोष्ट काढी. डॉक्टर होऊ घातलेला मित्र चाळींतील क्षयरोग्यांविषयी बोले. मी नफातोट्याचा हिशेब मांडीत असे. आमच्या वडिलांच्या दुकानात गिरणीचा माल येईनासा झाला होता आणि त्याची जागा यंत्रमागाच्या कापडाने घेतली होती, हे मला ठाऊक होते. चौघांचेही आपापल्या जागी खरे होते. पण चौघांपैकी एकानेही गिरणगावात जाऊन एखाद्या कामगाराच्या घरी चौकशी केली नाही. ते अंतर चालत जाण्यासारखे होते. आम्हाला कोणी तसे शिकविलेच नव्हते. हत्ती आणि आंधळे ही अनेकांताची गोष्ट आपल्या घरांतून लहानपणी सांगितली जाते. आम्ही ती ऐकली होती, आणि तरीही आपापला पाय धरून बसलो होतो. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या.

असो. गेडिस यांच्याकडे वळू.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन या संगीतज्ञ व समाजकार्याची आवड असलेल्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. एडिंबऱ्यात त्या काळी सुखवस्तू कुटुंबे नव्या शहरात राहावयास गेली होती आणि जुन्या शहरातील उंच उंच इमारतींत एकेका खोलीत गोरगरीब कुटुंबे दाटीवाटीने राहात. विद्यापीठ याच वस्तीला लागून होते. वैद्यकासाठी जगभर ख्याती असलेल्या त्या विद्यापीठातील विद्यार्थी रोज या बोळांवरून जात आणि वर्गात जाऊन रोगांवरील व्याख्याने ऐकत. नवविवाहित गेडिस दांपत्य चांगले घर सोडून या वस्तीतील जेम्स कोर्ट नावाच्या इमारतीत जाऊन राहिले. आधी स्वतःचे घर झाडले, चुना लावला, खिडकीत फुलझाडे लावली. मग शेजाऱ्यांना हाताशी धरून अंगण स्वच्छ केले. उपदेश केला नाही. झाडू हातात घेतला.

१८८७ मध्ये त्यांनी तेथेच अगदी थोड्या विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी हॉल हे वसतिगृह सुरू केले. त्यावर रेक्टर नव्हता. विद्यार्थीच कारभार पाहात. निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी एका छपराखाली, एका पंक्तीला, आणि तेही गरीब वस्तीच्या मध्यभागी राहावेत ही त्यामागील योजना. जो प्रश्न पुस्तकात वाचावयाचा तो खिडकीखाली दिसावा, आणि त्याविषयी बोलताना समोर वेगळ्या विषयाचा सोबती असावा. वसतिगृह म्हणजे निवास व भोजन एवढेच समीकरण आपल्या मनात असते. गेडिस यांच्या मते विद्यापीठाचे निम्मे शिक्षण तेथेच होत असे.

या उद्योगासाठी त्यांनी पडक्या इमारती विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, नव्या बांधल्या. पैसा बहुतेक कर्जाऊ. भाडे किती येईल, व्याज किती जाईल, याचा मेळ घालण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. अखेरीस मित्रांनी १८९६ मध्ये टाउन अँड गाउन असोसिएशन नावाची कंपनी उभी करून हा डोलारा आपल्या अंगावर घेतला. व्यापारी म्हणून मला हे मुळीच प्रशस्त वाटत नाही. दुसऱ्याच्या भांडवलावर परोपकार करणे हा पुण्याचा सोपा मार्ग झाला. पण त्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत माणसे राहिली आणि जुन्या शहराची पडझड थांबण्यास तेथून सुरुवात झाली, हेही जमेच्या बाजूस लिहिलेच पाहिजे.

१८८८ मध्ये डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. एका स्नेह्याने देणगी देऊन ते निर्माण केले होते आणि केवळ उन्हाळ्याच्या सत्रात शिकवावयाचे अशी सवलत होती. वर्षाचे उरलेले महिने मोकळे. सुट्टीत ते एडिंबऱ्यात उन्हाळी वर्ग भरवीत. शिक्षक, विद्यार्थी, परदेशी पाहुणे एकत्र येत. सकाळी व्याख्याने, दुपारी गावात, शेतांत, समुद्रकाठी भटकंती. जीवशास्त्र, इतिहास, भूगोल, कला असे सर्व एकाच वेळापत्रकात असे. फ्रेंच भूगोलज्ञ एलिझे रेक्लू यांच्यासारखे नामवंत तेथे शिकवून गेले.

१८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळचा एक जुना मनोरा घेतला व त्यास आउटलुक टॉवर हे नाव दिले. मनोऱ्याच्या माथ्यावर अंधारी खोली होती. छतातील आरसा व भिंग यांच्या योगे बाहेरचे चालते-बोलते शहर खोलीतील पांढऱ्या मेजावर उमटत असे. गेडिस पाहुण्यास गोल जिन्याने भराभर थेट वर नेत, म्हणजे रक्त सळसळते राहावे. प्रथम संपूर्ण शहर एका मेजावर पाहावयाचे, मग गच्चीवरून प्रत्यक्ष पाहावयाचे. त्यानंतर एक लहानशी रिकामी खोली होती. तीत केवळ एक खुर्ची. पाहिलेले मनात मुरावे म्हणून तेथे एकट्याने स्वस्थ बसावयाचे. वाचकांना सामायिकाची आठवण होईल. मला तरी झाली. मग एकेक मजला खाली उतरावयाचा. एडिंबरा, स्कॉटलंड, इंग्रजी भाषिक देश, युरोप आणि तळाशी सर्व जग. नकाशे, चित्रे, आलेख यांनी भिंती भरलेल्या होत्या. आपल्या गल्लीतील प्रश्नाची मुळे किती दूरवर गेली आहेत, हे विद्यार्थ्याला जिना उतरता उतरता कळावे अशी ती रचना होती.

शहरांचा असा अभ्यास करता करता ते नगररचनाकार झाले. १९१५ मध्ये त्यांचा ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याआधी वर्षभर, १९१४ मध्ये, मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते साठाव्या वर्षी भारतात आले. नगरांविषयीचे त्यांचे मोठे प्रदर्शन, म्हणजे वीस-पंचवीस वर्षे जमविलेले नकाशे व चित्रे, मागून क्लॅन ग्रँट या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध पेटले होते. एमडेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज हिंदी महासागरात बुडविले. आपल्यापैकी कोणाचे भरलेले गोदाम एका रात्रीत जळाले असेल, त्यालाच या आघाताची कल्पना येईल. मित्रांनी विलायतेत धावपळ करून दुसरे साहित्य जमविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेच.

पुढील दहा वर्षांत त्यांनी भारतातील अनेक शहरांची पाहणी केली. त्यांत मुंबई इलाख्यातील ठाणे, वांद्रे, अहमदाबाद, सुरत ही होती. तशीच लखनौ, लाहोर, बडोदे, इंदूर ही होती. त्या काळचे सरकारी अभियंते दाट वस्तीवर नकाशात सरळ रेघ ओढीत आणि तीखाली येणारी घरे पाडून रुंद रस्ता काढीत. घरे गेलेली माणसे शेजारच्या बोळात शिरत आणि तेथील दाटी दुप्पट होई. गेडिस आधी पायी हिंडत. प्रत्येक घर, विहीर, पार, देऊळ, झाड नोंदवीत. मग एखादे मोडके घर काढून तेथे लहानसे मोकळे अंगण करावे, बोळ थोडा वळवावा, सांडपाण्याला वाट द्यावी, असे सुचवीत. कसलेल्या शल्यवैद्याने बिघडलेला भाग तेवढा काढावा आणि अंग शाबूत ठेवावे, तसे. खर्च कितीतरी कमी आणि माणसे आपल्या जागी. रोग्यास आधी तपासावे, मग औषध द्यावे, हा वैद्याचा नियम त्यांनी नगराला लावला आणि बरोबर हिंडणाऱ्या तरुणांनाही तोच शिकविला.

१९१७ साल त्यांच्यावर वज्राघात करणारे ठरले. मोठा मुलगा अलास्डेर एप्रिल महिन्यात फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. त्या वेळी ॲनाबाई भारतात आजारी होत्या. ही बातमी त्यांना सोसवणार नाही म्हणून गेडिस यांनी ती मनातच ठेवली. जून महिन्यात ॲनाबाईंचेही देहावसान झाले. मुलगा आपल्या आधीच गेला हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. एकतीस वर्षांच्या संसारात झाडू हातात घेण्यापासून कर्जाची काळजी वाहण्यापर्यंत सर्व त्या माउलीने केले होते.

या दुःखातच ते होळकरांच्या इंदुरास गेले. शहर प्लेगने व्यापलेले होते. लोक या परक्या साहेबाकडे संशयाने पाहात. तो नकाशा घेऊन आला म्हणजे घरे पाडणार, अशी भीती. तेव्हा त्यांनी एक विलक्षण योजना दरबारापुढे मांडली. दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल, पण ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या आळीतील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील त्या आळीतून जाईल. घराघरांतील केरकचरा नगरपालिकेच्या गाड्या फुकट उचलून नेतील. लक्ष्मीच्या स्वागतासाठी घर झाडणे ही आपली रीतच. तिलाच त्यांनी शहराच्या आरोग्याशी जोडले. आळ्याआळ्यांत चुरस लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून नवे पांढरे कपडे घातलेले, गळ्यात फुलांच्या माळा असलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. रात्री राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. प्लेग ओसरला, त्यात ऋतुमानाचाही भाग असेल. पण ज्यांची सावलीही टाळली जाई, त्यांना त्या दिवशी सारे शहर हार घालीत होते, हे काम कोणत्याही औषधाने झाले नसते.

१९१८ मध्ये इंदूरचा अहवाल दोन खंडांत निघाला. त्यात गटारे व घरे यांच्या जोडीने मध्य भारतासाठी विद्यापीठ कसे असावे याचीही योजना आहे. परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या तत्कालीन विद्यापीठांविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. विद्यार्थ्याने आपल्या शहराची पाहणी करावी व शहराने विद्यापीठाचा उपयोग करून घ्यावा, ही त्यांची अपेक्षा. दरबारात ती योजना कागदावरच राहिली.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग स्थापन केला आणि गेडिस यांना बोलाविले. देशातील विद्यापीठीय समाजशास्त्राचा हा आरंभ होय. विद्यार्थी थोडे. प्राध्यापक पुटपुटत बोलत, दाढीआडचे शब्द पुढच्या बाकापर्यंतही नीट पोहोचत नसत. एका विषयातून दुसऱ्यात केव्हा उडी घेत याचा नेम नसे. परीक्षेसाठी टिपणे हवी असणाऱ्यांची निराशा होई. शिवाय जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा, इतर शहरांची कामे, यांमुळे गैरहजेरी फार. विद्यार्थ्यांवर यात अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे. पाच वर्षांत त्यांनी मुंबईला जे द्यावयाचे ते पुरते दिले नाही.

तरी एक गोष्ट घडली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे एम.ए. त्यांच्या व्याख्यानांना येऊ लागले. नगर म्हणून मुंबईचा विचार करणारा निबंध घुर्ये यांनी लिहिला, आणि त्याच्या बळावर उच्च शिक्षणासाठी ते विलायतेला गेले. १९२४ मध्ये गेडिस यांनी मुंबई सोडली व विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये यांचा पिंड ग्रंथाभ्यासाचा. जात, कुटुंब, धर्म यांवर त्यांनी मोठे लेखन केले; नगराच्या पाहणीचा गेडिस यांचा आग्रह मात्र मागे पडला. पण घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ मध्ये एम.ए. झालेल्या इरावती कर्वे यांनी संस्कृत ग्रंथ, मानववंशशास्त्र व प्रत्यक्ष गावोगावची भ्रमंती यांचा मेळ घातला. कोयना धरणाने विस्थापित झालेल्या लोकांची त्यांनी केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाचा हिशेब अभियंत्यांनी मांडला होता; उठविलेल्या माणसांचा बाईंनी मांडला. गेडिस यांच्या नऊ चौकोनांपैकी कोरे राहिलेले काही चौकोन असे पुढच्या पिढीने आपल्या मातीत भरले.

उष्ण हवेने प्रकृती ढासळल्यावर गेडिस फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेलिए येथे गेले. शहराबाहेरच्या ओसाड, खडकाळ टेकडीवर सत्तरीच्या या गृहस्थाने पुन्हा दगड रचून घर बांधले, बागा लावल्या आणि विद्यार्थ्यांसाठी स्कॉट्स कॉलेज उघडले. पुन्हा तोच मनोरा, तीच भटकंती. आणि पुन्हा तोच पैशाचा घोळ! १९३२ च्या फेब्रुवारीत त्यांना सर ही पदवी मिळाली. ती स्वीकारण्यासाठी ऐन थंडीत लंडनला जाऊन आल्यावर प्रकृती खालावली आणि १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिए येथेच त्यांचा अंत झाला.

एडिंबऱ्याचा मनोरा अजून उभा आहे. वरच्या अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर आजही शहर उमटते आणि प्रवासी तिकीट काढून ते पाहतात. खालच्या मजल्यांवर आता नकाशे नाहीत. तेथे डोळ्यांना फसविणाऱ्या आरशांचे व दिव्यांचे खेळ मांडलेले आहेत.